रिपोर्ट तिशीतला, जिना सत्तरीतला

जिमच्या काउंटरवर, ‘अँटी-एजिंग’च्या रीलमध्ये, कधी निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये एक गोळी अधूनमधून डोकं वर काढते. बाजारातलं नाव एमके-६७७, शास्त्रीय नाव इबुटामोरेन. दावा साधा असतो: इंजेक्शन नको, रोज एक गोळी घ्या, तुमचंच शरीर तरुणपणीइतकं ग्रोथ हॉर्मोन तयार करील. गंमत म्हणजे यातलं हॉर्मोनबद्दलचं विधान खरं आहे. निरोगी ज्येष्ठांवर या गोळीची दोन वर्षं रीतसर चाचणी झाली आणि हॉर्मोन खरोखर वाढलं. वाढल्यावर पुढे काय झालं, हे मात्र जाहिरातीत नसतं.

नळाला पाणी येतं तसं

ग्रोथ हॉर्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीत, म्हणजे पिट्युटरीत तयार होतं. मुलांची उंची त्याच्यामुळे वाढते हे सर्वांना माहीत असतं. उंची थांबल्यावरही त्याचं काम चालू राहतं: चरबी वितळवणं, स्नायू, हाडं आणि त्वचेची डागडुजी करणं, साखरेच्या वापरावर थोडा लगाम ठेवणं.

हे हॉर्मोन रक्तात चोवीस तास वाहत नाही. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला पाणी येतं तसं ते येतं: ठराविक वेळी जोरात, मग कोरडं. सर्वांत मोठा लोंढा झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्यात येतो. म्हणून सकाळी अकरा वाजता लॅबमध्ये जाऊन ‘ग्रोथ हॉर्मोन किती आहे’ ते मोजून घेणं म्हणजे दुपारी नळ उघडून गावात पाणीच नाही असं ठरवणं. दोन लोंढ्यांच्या मधे निरोगी तरुणाचं ग्रोथ हॉर्मोनही जवळपास शून्य दिसू शकतं.

त्यामुळे डॉक्टर बहुधा आयजीएफ-१ मोजतात. ग्रोथ हॉर्मोनचा हुकूम मिळाला की यकृत हे दुसरं हॉर्मोन बनवतं आणि त्याची पातळी दिवसभर बरीच स्थिर असते. नळाऐवजी गच्चीवरच्या टाकीची पातळी बघावी, तसं. मात्र उपासमार, यकृताचा आजार, उपचार न घेतलेला थायरॉइडचा त्रास, तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांमुळेही ही पातळी खाली जाते. शिवाय ती वयानुसार बदलते. सत्तरीच्या माणसाचा आकडा पंचविशीच्या रकान्याशी ताडून ‘कमतरता आहे’ म्हणणारा एकतर अज्ञानी असतो किंवा विक्रेता.

म्हातारपणी धरण आटत नाही

विशीनंतर दर दहा वर्षांनी ग्रोथ हॉर्मोनचा स्राव सुमारे १४ टक्क्यांनी घटतो, असा ढोबळ अंदाज आहे. गाढ झोपेचंही तसंच. १६ ते ८३ वयाच्या १४९ पुरुषांच्या झोपेच्या नोंदींचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात गाढ झोपेचा वाटा तरुणपणी १८.९ टक्के होता, तो ३६ ते ५० या वयोगटात ३.४ टक्क्यांवर आला होता. ग्रोथ हॉर्मोनची घसरगुंडीही त्याच काळात झाली होती. म्हणजे ही घट म्हातारपणाची म्हणतात खरी, पण तिचा मोठा भाग मुलांच्या शाळेच्या फिया भरता भरताच होऊन जातो.

यातली महत्त्वाची बाब अशी की पियुषिका ग्रंथी रिकामी झालेली नसते. धरणात पाणी असतं, व्हॉल्व्ह उघडणारा मंदावलेला असतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून ‘सोड’ म्हणणारा संदेश कमी येतो आणि ‘थांब’ म्हणणाऱ्याचा जोर वाढतो. ‘सोड’ म्हणणाऱ्याचं नाव जीएचआरएच, ‘थांब’ म्हणणाऱ्याचं सोमॅटोस्टॅटिन. हे कळल्यावर संशोधकांना साहजिकच वाटलं की व्हॉल्व्हवाल्यालाच ढोसून उठवावं.

ग्रोथ हॉर्मोनचीच गोळी का नाही?

कारण ते १९१ अमिनो आम्लांची माळ असलेलं प्रथिन आहे. गिळलं तर जठर आणि आतडी त्याचं तेच करतात जे डाळीचं किंवा अंड्याचं करतात. म्हणून ‘ग्रोथ हॉर्मोन कॅप्सूल’ किंवा जिभेवर मारायचा स्प्रे विकणारा पैसे कशाचे घेतो, हे त्यालाच विचारावं.

इंजेक्शनने ते देता येतं. १९८५पूर्वी मृतांच्या पियुषिका ग्रंथींतून काढलेलं हॉर्मोन वापरत आणि त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग झाल्याचं उघड झाल्यावर ते बंद पडलं. त्याच वर्षी जनुकतंत्राने बनवलेलं हॉर्मोन अमेरिकेत मंजूर झालं. पण इंजेक्शन म्हणजे दारात आलेला टँकर. तो आपल्या वेळेला येतो, सगळं एकदम ओततो आणि टाकी भरली का हे बघत नाही.

गोळीचा मार्ग वेगळा आहे. आपल्या टाकीत एक फ्लोट असतो, पाणी वर आलं की तो पुरवठा तोडतो. शरीरात ते काम आयजीएफ-१ करतं: त्याची पातळी चढली की पियुषिका आवरतं घेते. इबुटामोरेन हॉर्मोन ओतत नाही, फक्त व्हॉल्व्हवाल्याला जोर देते. लोंढ्यांचा क्रम कायम राहतो, प्रत्येक लोंढा मोठा होतो आणि फ्लोटही शाबूत राहतो. कागदावर ही कल्पना इंजेक्शनपेक्षा खरोखर सरस आहे. शास्त्रज्ञांनी तिच्यामागे वीस-तीस वर्षं घालवली ती उगाच नव्हे.

किल्ली आधी, कुलूप नंतर

या संशोधनाचा क्रम उलटा आहे. अमेरिकेत सिरिल बॉवर्स यांनी आधी प्रयोगशाळेत लहान प्रथिनं बनवली, ज्यांनी ग्रोथ हॉर्मोन सुटत होतं. ती कुठल्या कुलपात फिरतात हे माहीत नव्हतं. मर्क कंपनीच्या संशोधकांनी पोटात टिकेल असा रेणू, म्हणजे एमके-६७७, तयार केला आणि १९९६ साली ते कुलूप, म्हणजे पेशीवरचा ग्राही, शोधून काढला. शरीराची स्वतःची किल्ली सापडली ती १९९९ साली, जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाला, आणि तीही मेंदूत नव्हे, जठरात. तिला घ्रेलिन म्हणतात. आज आपण तिला भुकेचं हॉर्मोन म्हणून ओळखतो.

म्हणजे ही गोळी शरीराला खोटीच भूक कळवते. जेवणाआधी पोटात कावळे ओरडतात तेव्हा जे हॉर्मोन चढलेलं असतं, त्याचीच नक्कल ती दिवसभर करत राहते. पुढे दिसणारे बरेच परिणाम याच एका गोष्टीतून निघतात.

व्हर्जिनियातली दोन वर्षं

सर्वांत महत्त्वाची चाचणी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात झाली आणि २००८ साली प्रसिद्ध झाली. ६० ते ८१ वयाचे ६५ निरोगी स्त्री-पुरुष. काहींना रोज २५ मिलिग्रॅम एमके-६७७, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळतं हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही.

वर्षाअखेरीस ग्रोथ हॉर्मोन आणि आयजीएफ-१ निरोगी तरुणांच्या पातळीला पोचले. चरबी वगळून उरणारं शरीराचं वजन गोळी घेणाऱ्यांत सरासरी १.१ किलोने वाढलं, प्लासिबोवाल्यांत अर्ध्या किलोने घटलं. एलडीएल कोलेस्टेरॉल किंचित उतरलं. इथवर जाहिरातवाल्यांचं बरोबर आहे.

आता उरलेलं. एकूण वजन गोळीवाल्यांचं २.७ किलोने वाढलं, प्लासिबोवाल्यांचं ०.८ किलोने. हातापायांवरची चरबी वाढली. पोटाच्या आतली चरबी, जी हृदयाला आणि साखरेला खरी त्रासदायक, तिच्यात फरक पडला नाही. भूक वाढली, ती काही महिन्यांत ओसरली. काहींच्या पायांवर सूज आली, स्नायू दुखले. उपाशीपोटीची साखर सरासरी ५ मिलिग्रॅमने चढली, इन्शुलिनचा परिणाम मंदावला, तणावाचं हॉर्मोन कॉर्टिसॉल वाढलं.

आणि ताकद? शारीरिक क्षमता? दोन्ही गटांत फरक नाही. रक्ताचा रिपोर्ट तिशीतला झाला, जिना सत्तरीतलाच राहिला.

‘ते वाढलेलं वजन म्हणजे नुसतं पाणी असणार’

हा आक्षेप डॉक्टर मंडळी हमखास घेतात आणि त्यात तथ्य आहे. ग्रोथ हॉर्मोन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतं आणि मिठामागे पाणी येतं. शरीराची रचना मोजणारं यंत्र ‘चरबी नसलेलं’ एवढंच सांगतं, त्यात पाणी, यकृत, त्वचा सगळं आलं. त्या रकान्याला ‘स्नायू’ म्हणून विकणं ही या धंद्यातली सर्वांत जुनी युक्ती आहे.

पण या चाचणीत पेशींच्या आतलं पाणीही वेगळं मोजलं होतं, आणि त्यावरून काढलेलं पेशींचं वजन गोळीवाल्यांत ०.८ किलोने वाढलेलं, प्लासिबोवाल्यांत १ किलोने घटलेलं निघालं. म्हणजे सगळी वाढ सुजेची नव्हती, काही भर खरी होती. तरी ताकद वाढली नाही, हे त्याहून विचार करायला लावणारं आहे.

मग ताकद का नाही वाढली?

स्नायू किती जाड आहे यावर ताकदीचा एक भाग ठरतो. मज्जातंतू त्यातले किती धागे एका वेळी ओढायला लावतात, ते धागे किती जलद आकुंचन पावतात, हेही तितकंच महत्त्वाचं. वयाबरोबर मज्जातंतूंची ही जोडणी तुटत जाते आणि हॉर्मोन ती जोडत नाही. बांधकामाच्या जागेवर सिमेंटची पोती जास्त टाकली म्हणून स्लॅब पडत नाही, गवंडी कामाला लागावा लागतो. स्नायूच्या बाबतीत गवंडी म्हणजे वजन, ताण, ओझं. शिवाय तरुणांवरच्या प्रयोगांत ग्रोथ हॉर्मोनने स्नायूभोवतालच्या आणि स्नायुबंधांतल्या कोलॅजेनची निर्मिती वाढलेली दिसली, आकुंचन करणाऱ्या मुख्य प्रथिनांची नाही.

इंजेक्शनचा अनुभवही असाच आहे. या साऱ्या वेडाची सुरुवात १९९० सालच्या एका छोट्या अभ्यासातून झाली. ६१ ते ८१ वयाचे २१ पुरुष, त्यांतल्या १२ जणांना आठवड्यातून तीनदा इंजेक्शन, सहा महिने. चरबीविरहित वजन ८.८ टक्के वाढलं, चरबी १४.४ टक्के घटली. आजही जाहिरातींत याच अभ्यासाचे आकडे फिरवतात. १९९६ साली ६९ वर्षांवरच्या ५२ पुरुषांवर तोच प्रयोग झाला, पण त्यात कार्यक्षमताही मोजली. शरीराची रचना सुधारली, कार्यक्षमता नाही. हा अभ्यास जाहिरातीत सापडणार नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. याच जातीची कॅप्रोमोरेलिन नावाची गोळी ६५ ते ८४ वयाच्या ३९५ जणांना दिली गेली, आणि तेही हालचाली थोड्या मंदावलेल्या. सहा महिन्यांत चरबीविरहित वजन सुमारे १.४ किलोने वाढलं आणि एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालण्याची वेळ ०.९ सेकंदाने सुधारली. वर्षाअखेरीस जिना चढण्यातही थोडी सुधारणा दिसली. झोप न लागणं, थकवा आणि किंचित वाढलेली साखर सोबत होतीच. ती गोळी माणसांसाठी बाजारात आली नाही. अमेरिकेत २०१६ साली ती मंजूर झाली खरी, पण न जेवणाऱ्या कुत्र्यांची भूक वाढवण्यासाठी. पुढे मांजरांसाठीही.

पाच मिलिग्रॅम साखर म्हणजे फार का?

९० ची ९५ झाली तर फार नाही. पण उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल तर मधुमेहाचा उंबरठा आणि १२६ पासून मधुमेह मानतात. १२२ वर असलेला माणूस सरासरीइतकाच सरकला तर १२७ वर जातो. शिवाय सरासरी म्हणजे काहींचं कमी, काहींचं जास्त. कारण उघड आहे: ग्रोथ हॉर्मोन चरबी वितळवून इंधन पुरवतं आणि पेशींना साखर घेण्यापासून परावृत्त करतं. उपासात हे उपयोगी, रोजच्या दोन जेवणांत अडचणीचं.

इथे आपल्या लोकांनी विशेष सावध राहावं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज निघाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय शरीराकडे जगाचं लक्ष वेधलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली: दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. चाचणीतले ६५ जण निवडून घेतलेले निरोगी अमेरिकन होते. त्यांच्यावर ५ मिलिग्रॅम चढली, म्हणून आपल्यावर तेवढीच चढेल असं गृहीत धरायला कारण नाही.

‘दोन वर्षांत गंभीर काही झालं नाही ना?’

निरोगी लोकांत नाही झालं, हे खरं. पण तीच २५ मिलिग्रॅमची गोळी मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलेल्या १२३ ज्येष्ठांना दिली, तेव्हा हृदय निकामी होण्याची काही प्रकरणं दिसली आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. धरून ठेवलेलं पाणी निरोगी हृदय खपवून घेतं, थकलेलं हृदय नाही. साठीनंतर आपलं हृदय यांतल्या कोणत्या गटात आहे, हे अनेकांना तपासल्याशिवाय माहीत नसतं.

अल्झायमरच्या ५६३ रुग्णांवरही ती वर्षभर वापरून पाहिली. आयजीएफ-१ छान वाढलं, आजाराची वाटचाल बदलली नाही. तीच कथा.

राहिला कर्करोग. आयजीएफ-१ पेशींना ‘वाढा, मरू नका’ असं सांगतं. त्यात चांगल्या-वाईट पेशींचा भेद नसतो. ६५ माणसं आणि दोन वर्षं एवढ्यात कर्करोगाचा धोका वाढतो की नाही हे कळूच शकत नाही, त्याला हजारो माणसं आणि दहा-पंधरा वर्षं लागतात. उलट दिशेचा एक पुरावा मात्र आहे. इक्वाडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोम असलेल्या काही कुटुंबांत ग्रोथ हॉर्मोनचा ग्राहीच काम करत नाही. माणसं ठेंगणी राहतात, आयजीएफ-१ अगदी कमी. बावीस वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यात मधुमेह एकालाही नाही आणि कर्करोग एकालाच, तोही जीवघेणा नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांतही ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असलेले जास्त जगतात आणि अति असलेले लवकर मरतात. तेव्हा वयाबरोबर होणारी घट हा बिघाड आहे की शरीराने घेतलेली काळजी, हेच आधी ठरायचं आहे.

‘पण डॉक्टर अशी औषधं वापरतातच की’

वापरतात, नेमक्या कारणांसाठी. मॅसिमोरेलिन हे याच कुळातलं पेय अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालं, पण फक्त निदानासाठी: एकदा प्यायचं, नंतर काही वेळाने रक्त घ्यायचं, पियुषिका प्रतिसाद देते का ते बघायचं. ॲनामोरेलिन जपानमध्ये २०२१ पासून कर्करोगात खंगणाऱ्या रुग्णांसाठी आहे, तिथे वाढलेली भूक हाच फायदा. युरोपने मात्र ते नाकारलं. पियुषिकेची गाठ, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांमुळे हॉर्मोन खरंच बंद पडलेल्या प्रौढांना इंजेक्शन देतात आणि ते योग्यच आहे. एमके-६७७ला कोणत्याही आजारासाठी मंजुरी नाही. आंतरराष्ट्रीय उत्तेजकविरोधी यादीतही ते बंदी असलेलं द्रव्य आहे, त्यामुळे ज्येष्ठांच्या स्पर्धांत धावणाऱ्यांनी तर हातही लावू नये.

बाटलीत काय असतं

‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल लावून हे विकलं जातं आणि दुकानदार त्याला ‘सार्म’, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखं स्नायू वाढवणारं द्रव्य, म्हणतो. ते सार्म नाही. सार्म टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीवर काम करतात, हे घ्रेलिनच्या. २०१७ साली इंटरनेटवर सार्म म्हणून विकली जाणारी ४४ उत्पादनं तपासली गेली. खरे सार्म फक्त ५२ टक्क्यांत निघाले. ३९ टक्क्यांत दुसरंच नामंजूर औषध होतं, २५ टक्क्यांत लेबलवर नसलेलं काहीतरी, ९ टक्क्यांत काहीच नाही. शेवटच्या गटातले ग्राहक त्यातल्या त्यात नशीबवान.

आधीच कोणी घेत असेल तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब तपासावेत आणि घोट्यांवर बोट दाबून खड्डा राहतो का ते बघावं. रात्री हाताची बोटं बधिर होणं, अंगठी घट्ट होणं, घोरणं वाढणं ही जास्त हॉर्मोनची लक्षणं आहेत. डॉक्टरांपासून लपवू नये. नाहीतर ते चढलेल्या साखरेवर आणखी एक गोळी लिहून देतील.

त्याच १९९० सालचा दुसरा अभ्यास

इंजेक्शनचा तो गाजलेला अभ्यास छापून आला त्याच वर्षी, त्याच देशात आणखी एक अभ्यास आला होता. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातले दहा जण, वय ८६ ते ९६. त्यांना आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे एकच व्यायाम दिला: खुर्चीत बसून वजनाविरुद्ध गुडघा सरळ करायचा. आठ वेळा, मग विश्रांती, असे तीन फेरे. उचलता येईल त्या कमाल वजनाच्या ५० टक्क्यांपासून सुरुवात, दुसऱ्या आठवड्यापासून ८० टक्क्यांपर्यंत. नऊ जणांनी पूर्ण केलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट. मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला, रेषेत चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी वाढला आणि दोघांनी काठी सोडली.

व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ३२ टक्के ताकद उतरली.